पाऊणपट

मुख्याध्यापकांची खुर्ची गणिताच्या सरांना मिळणार हे नक्की झालं, तेव्हा सरांनी घरी जाहीर केलं, "जबाबदारी दुप्पट, तेव्हा पगार पावणेदोनपट. बावीस वर्षं मुलांना हिशेब शिकवतोय, स्वतःचा एक जमणार नाही होय?"

त्यांच्या बायकोला त्या पावणेदोनपटीत एक खोली दिसत होती. घरातली एकुलती एक मोठी खोली रोज संध्याकाळी शिकवणीच्या सव्वीस मुलांनी भरायची आणि ती बिचारी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून पुस्तक वाचायची. पगार वाढला की शिकवणी बंद आणि खोली तिची, असं ठरलं होतं.

अडचण एकच होती. सरांना 'वाढ' हा शब्द तोंडातून काढायचाच संकोच. जेवतानासुद्धा "थोडं वाढ" म्हणायचे नाहीत, ताट जरा पुढे सरकवून नुसते खोकायचे.

"तिथे खोकू नका," बायकोने बजावलं. "सरळ म्हणा, पाऊणपट वाढ हवी." आहे त्यात पाऊणपट घातलं की पावणेदोनपट होतं, हे वाचकहो, तुम्हाला मी सांगायला नकोच.

शाळेच्या अध्यक्षांची लाकडाची वखार होती. भुशाचा वास, करवतीची घरघर, त्यात सर वाटभर घोकलेलं सगळं विसरले. अध्यक्षांनी पगाराचं विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पाऊणपट..." आणि खोकले.

अध्यक्ष बघतच राहिले. "पाऊणपट? नीट विचार केलाय ना, सर?"

"त्याच्या खाली मी येणार नाही," सर ठामपणे म्हणाले.

अध्यक्षांनी उठून त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे पाणावले होते. सरांना वाटलं, भुसा गेला असेल. काम एका मिनिटात फत्ते झालं म्हणून ते तरंगतच घरी आले, आणि बायकोने त्याच संध्याकाळी खोलीच्या पडद्यांचं माप घेतलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी सगळ्या शिक्षकांना बोलावून भाषण ठोकलं. असा निःस्वार्थी माणूस आपण जन्मात पाहिला नाही, मोठं पद घेताना यांनी पगाराचा चौथा हिस्सा सोडला, इतरांनीही मनावर घ्यावं. टाळ्या एकट्या अध्यक्षांनीच वाजवल्या. चित्रकलेच्या बाई सरांच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "खुर्ची तुम्हाला आणि कात्री आम्हाला, असं का सर?"

अध्यक्षांचे डोळे काल का पाणावले होते, ते सरांना आता कळलं. बोलावं, तर गणिताच्या शिक्षकाला पाऊणपट कळत नाही अशी सगळ्या शाळेत शोभा. न बोलावं, तर घरी पडद्यांचं माप घेऊन झालेलं! शेवटी घरच्या भीतीने शाळेतल्या लाजेवर मात केली आणि सर धापा टाकत वखारीत पोचले.

"साहेब, काल माझा एक शब्द राहिला."

"कोणता?"

सरांनी डोळे मिटले. "वाढ."

अध्यक्षांना समजायला वेळ लागला, पण समजलं तेव्हा ते रागावले नाहीत. व्यापारी माणूस. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी एका फळीवर आकडे मांडले.

"तुमचा पगार ठरलाय पाऊण. कागद झालाय, भाषणही झालंय. तरी तुमच्यासाठी पाऊणचा पूर्ण एक करतो. म्हणजे वाढ किती झाली, तुम्हीच सांगा."

सरांनी सवयीने हिशेब केला. "तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश टक्के."

"आजवर या शाळेत एवढी वाढ कुणाला दिली नाही," अध्यक्ष म्हणाले.

सरांनी आकडे दोनदा तपासले. एकही चूक सापडेना.

घरी शिकवणीची मुलं येऊन बसली होती. बायको दारातच उभी होती. "किती?"

"तेहतीस टक्क्यांच्या वर."

"आणि हातात?"

"आहे तेवढेच."

ती आत गेली आणि स्वयंपाकघरातून स्टूल ओढल्याचा आवाज तेवढा आला. सर मुलांसमोर जाऊन बसले आणि हळूच म्हणाले, "अपूर्णांकांचं पान काढा. उजळणी करू. तुमच्यासाठी नाही रे, माझ्यासाठी."