मडगार्डाचं मुद्रितशोधन

"अर्ध्या दिवसाचं काम आहे," वेलांटीराव शुक्रवारी संध्याकाळी बायकोला म्हणाले. "त्या रंगाऱ्याला कशाला चार दिवस गाडी द्यायची? रंग काढणं म्हणजे काय, नको असलेलं खोडणं. ते मी गेली तीस वर्षं करतोय."

हे खरं होतं. वेलांटीराव एका छापखान्यात मुद्रितं तपासत. ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी इतक्या जणांना छळलं होतं, की त्यांचं खरं नाव छापखान्यात कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. एकदा लग्नपत्रिकेतलं शुद्धलेखन तपासता तपासता ते लग्नालाच जायचे राहिले होते.

गाडी म्हणजे बायकोची स्कूटर. बाई एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेत. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलं होतं, की सोमवारपासून फिरतीवरच्या सगळ्या गाड्या पांढऱ्या हव्यात, त्यांवर लॅबचं चिन्ह लागेल. ज्याची गाडी पांढरी नाही, त्याने आत बसून नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. बाईंची स्कूटर पांढरीच होती, पण आधीच्या मालकाने कुठल्या लहरीत कोण जाणे, पुढचं आणि मागचं अशी दोन्ही मडगार्डं वांगी रंगाने रंगवली होती. आणि दिवसभर एका जागी बसायचं म्हटलं की बाईंच्या पायांना मुंग्या यायच्या.

"अहो, नक्की जमेल ना?" त्यांनी विचारलं.

"अगं, वाचता येणाऱ्या माणसाला काय जमत नाही? डब्यावर सगळं लिहिलेलं असतं."

शनिवारी सकाळी बाई रिक्षाने कामावर गेल्या आणि वेलांटीराव स्कूटर घेऊन गॅरेजवाल्याकडे. त्याने दोन्ही मडगार्डं सोडवून हातात दिली.

"काका, प्लास्टिक आहे हं," तो म्हणाला. "लोखंडाला लावतात तसलं जहाल काही लावू नका. जे लावाल ते आधी आतल्या बाजूला, कोपऱ्यात, थेंबभर लावून बघा. थोडं थांबा. मऊ नाही पडलं, तरच पुढे जा."

"मला सांगतोस?" वेलांटीराव म्हणाले आणि रंगाच्या दुकानातून रंग काढायच्या औषधाचा डबा घेऊन घरी आले.

डबा त्यांनी खरोखरच वाचला. खुर्चीत बसून, चष्मा पुसून, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. 'मिनीटे' दिसलं, तिथे लाल पेन्सिलीने 'मिनिटे' केलं. 'हातमौजे' दिसलं, तिथे कपाळाला आठ्या घालून 'हातमोजे' केलं. एकूण अकरा चुका निघाल्या. मग समाधानाने त्यांनी हातमोजे घातले, गॅलरीत पुढचं मडगार्ड ठेवलं आणि ब्रशाने औषध फासलं. कोपरा वगैरे भानगडीत ते पडले नाहीत. अकरा चुका काढलेल्या माणसाला कोपऱ्याची काय गरज?

पाच मिनिटांत वांगी रंगावर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. पट्टीने ढकलला, तर अख्खा पापुद्रा सुटून आला. खालून पांढरंशुभ्र मडगार्ड डोकावलं. वेलांटीरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी औषधाचा आणखी एक हात मारला. तेवढ्यात फोन आला, आणि छापखान्यातल्या माणसाला 'आशीर्वाद'मधला 'शी' दीर्घ का, हे पटवून देण्यात वीस मिनिटं गेली.

परत येऊन त्यांनी मडगार्ड उचललं. ते उचललं गेलं, पण ताठ राहिलं नाही. उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीने मान टाकावी तशी त्याने मान टाकली. घाबरून त्यांनी ते दुसऱ्या हाताने सावरलं, तर पाचही बोटं आत रुतली. हात काढला, बोटांचे खड्डे मात्र राहिले.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. बाई आज लवकर आल्या होत्या.

गुन्हेगाराला जे सुचतं तेच वेलांटीरावांना सुचलं. त्यांनी छापखान्यातून आणलेल्या साप्ताहिकाचा ताजा अंक ओढला, मडगार्ड त्यात घट्ट गुंडाळलं, कपड्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात सारलं आणि मग दार उघडलं.

"कसला वास हा?" बाईंनी उंबऱ्यातच विचारलं.

"कसला?"

"डोकं चढेल असा. आणि तुम्ही घरात हातमोजे घालून का उभे आहात?"

रोज वीस घरांत जाऊन लोकांच्या चेहऱ्यावरून कोण किती घाबरलंय ते ओळखणाऱ्या बाई त्या. पाच मिनिटं जेमतेम झाली असतील, त्यांनी कपाट उघडलं, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि गॅलरीतला डबा हातात घेतला. वाचता वाचता त्या थांबल्या.

"अहो, हे तुम्हीच दुरुस्त केलंय ना?"

"हो. अकरा चुका होत्या."

"मग हे वाचा बघू मोठ्याने."

वेलांटीरावांनी वाचलं. "प्लास्टिकवर वापरू नये."

"आधी काय होतं?"

"'प्लास्टिक'मधला 'टि' दीर्घ होता. आणि 'वापरू'मधला 'रू' चक्क ऱ्हस्व."

बाईंनी डबा खाली ठेवला. तीस वर्षांच्या संसारात काही वाक्यं गिळायची कला त्यांना साधली होती.

कपाटातून काढलेलं पुडकं संध्याकाळपर्यंत दगडासारखं घट्ट झालं. कोमट पाण्यात भिजवून, नखाने खरवडून कागद निघाला. शाई मात्र निघाली नाही. मऊ पडलेल्या प्लास्टिकने ती पिऊन टाकली होती. मडगार्डाच्या पाठीवर मोठाल्या काळ्या अक्षरांची ओळ उमटली होती, तीही उलटी, आरशातल्यासारखी.

"किडे चिकटल्यासारखं दिसतंय," बाई म्हणाल्या. "काय लिहिलंय?"

आता, वेलांटीरावांनी नोकरीची सुरुवात छपाईचे शिशाचे, उलट्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून केली होती. उलटी अक्षरं त्यांना सुलट अक्षरांपेक्षा भराभर वाचता येत. त्यांनी वाचलं, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बायकोच्या लॅबने भरवलेल्या रक्तदान शिबिराची ती बातमी होती. मथळा त्यांनीच तपासून सोडला होता. मथळा असा: 'शंभर नागरिकांचे उत्साहात रक्तपान'.

"काही नाही," ते म्हणाले. "असंच. पाणीपुरवठ्याचं काहीतरी."

मागचं मडगार्ड त्यांच्या हाती लागण्याआधी बाईंनी ते ताब्यात घेतलं. रविवारी सकाळी त्यांनी आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक बोळा दाबून ठेवला, दहा मिनिटं थांबल्या, नखाने टोचून पाहिलं. प्लास्टिक जसंच्या तसं. मग उघड्या गॅलरीत, गॅस बंद आहे ना ते दोनदा बघून, थोडा थोडा भाग स्पिरिटने ओला करायचा, प्लास्टिकच्या पट्टीने अलगद खरवडायचा, साबणाच्या पाण्याने धुवायचा, असं चालू केलं. जिथे रंग हटेना तिथे बारीक सँडपेपर पाण्यात बुडवून हळूहळू. चार तासांनी मडगार्ड नव्यासारखं पांढरं झालं. वेलांटीरावांना पाणी बदलण्याचं काम मिळालं होतं. ते त्यांनी बिनचूक केलं.

पुढचं मडगार्ड गॅरेजवाल्याने उलटसुलट करून पाहिलं.

"नवीन बुधवारी येईल, काका. तोवर हेच लावतो. जरा वाकडं आहे, पण चाकाला घासणार नाही."

"आणि ही अक्षरं?" बाईंनी विचारलं. "वर पांढरी चिकटपट्टी लावू का?"

हीच वेळ होती खरं सांगायची. पण तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्याला स्वतःची एक चूक सांगताना जीभ जड होते. शिवाय चिकटपट्टी लावायला बाई जवळून बघणार, आणि बघता बघता वाचलं तर?

"कशाला?" वेलांटीराव म्हणाले. "उलटी तर आहेत. रस्त्यावर कोण वाचतंय?"

सोमवारी सकाळी स्कूटरवर लॅबचं चिन्ह लागलं. रक्ताचा लाल थेंब, छान ठसठशीत. बाई फिरतीवर गेल्या. दुपारी दोन वाजता त्या घरी आल्या, पर्स ठेवली, पाणी प्यायल्या आणि शांतपणे समोर बसल्या. हा शांतपणा वेलांटीरावांच्या ओळखीचा होता.

"चौकात सिग्नल लागला होता," त्या म्हणाल्या. "माझ्या पुढे एक मोटार होती. मोटारीतल्या बाई आरशात बघत होत्या. मला वाटलं, केस नीट करतायत. मग त्या हसायला लागल्या. सिग्नल हिरवा झाला तरी हलेनात. मागचे लोक हॉर्न वाजवतायत आणि त्या आपल्या स्टिअरिंगवर डोकं टेकून हसतायत. मग काच खाली करून त्यांनी मला हाक मारली. तेव्हा कळलं, की आमच्या डॉक्टरीणबाई."

वेलांटीरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आरसा. उलटी अक्षरं आरशात सुलट होतात. हे शाळेतलं पोरसुद्धा जाणतं.

"म्हणजे त्यांनी वाचलं?"

"वर रक्ताचा थेंब, खाली शंभर नागरिकांचे उत्साहात रक्तपान. सकाळपासून अशीच फिरतेय मी. मला आत्ता समजलं, सकाळी खिडकीत आरशासमोर दाढी करणाऱ्या एका आजोबांनी मला दार का उघडलं नाही ते." बाईंनी मोठा श्वास घेतला. "तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"आणि छापलं तेव्हा तुम्हीच तपासलं होतं?"

"हो," वेलांटीराव म्हणाले. मग कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "माझंच चुकलं. दोन्ही वेळा."

तीस वर्षांत हे वाक्य घरात पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. बाई उठल्या आणि त्यांनी चहा ठेवला. दोघांचा.

"पिऊन घ्या," त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला बोलावलंय."

लॅबमध्ये स्वागताच्या टेबलामागे, भिंतीवर मधोमध, सोनेरी चौकटीत ती बातमी लावलेली होती. आठ दिवस लावलेली. लॅबमधल्या सगळ्यांनी ती वाचली होती, रक्त द्यायला येणाऱ्यांनी रांगेत उभं राहून वाचली होती, दोघातिघांनी तर अभिनंदनही केलं होतं. मथळ्यातली चूक कुणालाच दिसली नव्हती.

"मीसुद्धा रोज बघत होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे अजून ओले होते. "आरशात दिसलं तेव्हा कुठे कळलं. तुमच्या बायकोला आत बसवायचा विचार नाही माझा, काळजी करू नका. एवढी चांगली सुई कुणी टोचत नाही. पण ही चौकट तुम्हीच दुरुस्त करून द्यायची."

वेलांटीरावांनी चौकटीची मागची पुठ्ठ्याची बाजू काढली, कात्रण टेबलावर घेतलं, 'प' खोडला आणि वर सुबक 'द' काढला. अक्षर झकास आलं. बरोबर तीस वर्षांची शान त्या एका 'द'मध्ये परत आल्यासारखी त्यांना वाटली. त्यांनी मान वर केली.

"झालं," ते म्हणाले. "आता एकही चूक नाही."

"अगदी छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता पेन हातात आहेच, तर पहिल्या ओळीतलं माझं चुकलेलं नावही दुरुस्त करून टाका. आठ दिवस बोलले नव्हते. म्हटलं, उगाच कशाला कुणाला दुखवा."