वीरेंद्ररावांचा स्पॅनिश पाढा

जुईच्या होणाऱ्या सासूबाईंशी रविवारी व्हिडिओ कॉलवर स्पॅनिशमध्येच बोलायचं, असं वीरेंद्ररावांनी जाहीर केलं, तेव्हा घरात त्यांना कोणी अडवलं नाही. (त्यांच्या बायको, बेबीताई, कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या, एवढंच.)

"बाबा, एक वाक्य बोललात तरी चालेल," जुई माद्रिदहून म्हणाली होती. "पाब्लोच्या आईला वाटतंय, आपल्याकडे तिच्याशी कोणी बोलणारच नाही." तिचा आवाज जरा ओला झाला होता. लेकीसाठी वीरेंद्रराव चिनीसुद्धा शिकले असते.

पण शिकायची त्यांची रीत एकच. काळाचौकीच्या शाळेत मास्तरांनी इंग्रजी क्रियापदंही पाढ्यांच्या चालीवर घोकून घेतलेली. सात सक बेचाळीस सांगायला ज्यांना सात एके सातपासून निघावं लागतं, त्यांतलेच हे. माझगावच्या गोदीत कारकुनी करताना 'माल आला आहे' एवढं इंग्रजीत लिहायचं, तरी 'मी आलो आहे' पासून पुटपुटत यायचे. साहेब मान वर करून म्हणायचा, "दिसतंय. बसा."

आठवडाभरात वर्तमानकाळ पाठ झाला, भूतकाळ निम्मा. भविष्यकाळ त्यांनी ऑप्शनला टाकला. पहिल्याच भेटीत पुढचं कोण बोलतंय!

रविवारी जुईच्या शेजारी पाब्लोची आई, पिलारबाई, पडद्यावर आल्या. वीरेंद्ररावांच्या मागे ओट्यावर दिसणाऱ्या पातेल्याकडे बोट दाखवून त्यांनी काही विचारलं.

"स्वयंपाक कोण करतं, विचारतायत," जुई म्हणाली.

सोप्पं! 'ती करते.' वीरेंद्ररावांनी घसा साफ केला. पण 'ती'पर्यंत जायची वाट 'मी'वरूनच.

"यो कोसिनो," ते म्हणाले. म्हणजे, मी स्वयंपाक करतो. पुढची ओळ आठवेना. मग पहिल्यापासून. "यो कोसिनो!" पुन्हा अडले. तिसऱ्यांदा तर छातीवर हात ठेवून, "यो कोसिनो!"

पिलारबाईंनी टाळ्याच वाजवल्या.

"बाबा, त्या म्हणतायत, त्यांच्या नवऱ्याने उभ्या जन्मात अंडं उकडलं नाही. डिसेंबरमध्ये येतायत त्या, तुमच्या हातचं जेवायला!"

वीरेंद्रराव खरं सांगणार होते. पण जुई कितीतरी दिवसांनी इतकी मोकळी हसत होती.

"आता करा पाठ," बेबीताई म्हणाल्या. "तेल, मोहरी, हिंग, वाल, पाणी, मीठ, गूळ."

वीरेंद्ररावांनी चालीत पाठ केलं. दुसऱ्या दिवशी उसळ शिजत असताना मिठाच्या पुढचं काही केल्या आठवेना. मग पहिल्यापासून. म्हणता म्हणता मिठाशी पोचले की हात आपोआप बरणीत. असं चार वेळा झालं.

बेबीताईंनी चमचाभर उसळ चाखली, तांब्याभर पाणी प्यायलं आणि जुईला फोन लावला.

"पिलारबाईंना म्हणावं, तुझे बाबा स्वयंपाक करायचे. पूर्वी."

"थांब," वीरेंद्रराव घाईने म्हणाले, "स्पॅनिशमध्ये मीच सांगतो."

आणि 'मी करायचो' पासून सुरुवात करायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा त्यांना आठवलं की भूतकाळ अजून निम्माच झालाय.