हॉलभर कापूस

घर कसं बांधावं हे मला कुणी शिकवू नये! जळगावच्या सरकारी कचेरीत मी ट्रेसर. कालव्यांचे नकाशे काढून काढून हात असा बसलाय की डोळे मिटून सरळ रेघ मारतो. अठ्ठ्याऐंशी साली भडगावजवळच्या आमच्या गावचं धाब्याचं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा नकाशा अर्थातच मी काढला.

नवं घर हवंच होतं. धाकट्या सुनंदाला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या चहात धाब्याची माती पडली. पाहुणे गेले ते गेलेच! आठवडाभर पोरगी कुणाशी बोलली नाही. मी तिला शब्द दिला, "पुढचं स्थळ तुझ्या दादाचा हॉल बघूनच हो म्हणेल!"

पुढे ऐसपैस हॉल, हॉलकडे दार उघडणारी बेडरूम, बाजूला स्वयंपाकघर. बेडरूमचं मागचं दार छाटून टाकलं. त्यातून मांजरांशिवाय येतं कोण?

माझ्या वडिलांनी, आबांनी, नकाशा उलटासुलटा करून पाहिला. "आन कापूस कोठे भरशी?"

"आबा, कापूस शेतातून थेट खरेदी केंद्रावर! घरात बोंडसुद्धा येणार नाही!"

"बरं भो," म्हणत आबांनी नकाशा माझ्या हातात परत दिला.

घर झालं. स्लॅब पडला, हॉलला गुलाबी ऑइलपेंट लागला, पंखा टांगला. डिसेंबरात दोंडाईच्याचे पितांबर नाना आपल्या मुलासाठी सुनंदाला बघायला येणार म्हणून मी रजा टाकून आलो. सोफा दुपारी यायचा होता.

सकाळीच आला तो कापूस! केंद्रात जागा नाही म्हणून आमच्या भरल्या बैलगाड्या परत पाठवल्या होत्या, आणि वर आभाळ काळंकुट्ट.

"हॉलमा टाका!" आबांनी गाडीवान मगनला सांगितलं.

"आबा, ऑइलपेंट!"

"पानी उनं तं कापूसवर तुना नकाशा झाकू का?"

मी सोफ्याची जागा वाचवायला आडवा उभा राहिलो, तर मगनने मलाही कमरेपर्यंत भरून टाकलं! कापूस खिडकीला लागला आणि आतून हाक आली, "दादाऽ! दार उघडस नही!"

सुनंदा साडी नेसायला बेडरूममध्ये गेली होती. दार उघडणार हॉलकडे, हॉलमध्ये कापूस, आणि मागचं दार मीच छाटलेलं! मी आणि मगन दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागलो, तोच पाहुणे दारात.

नाना चपला काढून सरळ ढिगावर चढून बसले. त्यांच्यामागे त्यांच्या मंडळी, बेबाबाई. तेवढ्यात दार फटीएवढं उघडलं आणि सुनंदा बाहेर आली. केसात कापूस, साडीवर कापूस! मला वाटलं, हेही स्थळ गेलं, तेही माझ्यामुळे!

ती खाली मान घालून ढिगावर बसली आणि सवयीने कापसातला पालापाचोळा वेचायला लागली.

"पोरगी कामनी शे!" बेबाबाई म्हणाल्या.

नानांनी चिमूटभर कापूस ताणून धागा पाहिला. "माल चोख शे, आबा. आन कोठार तं काय सांगू! गुलाबी रंग! कापूसले पंखा! आते घर दखाडा!"

मी तोंड उघडलं. आबांनी माझा गुडघा दाबला.

"घर ना? ते पुढला साले बांधसूत. पहिले कोठार बांधी लिधं."

"व्वा! असाच सोयरा जोयजे!" नाना खूश. साखरपुडा तिथेच ठरला. सुनंदा तोंडात पदर कोंबून माझ्याकडे बघत हसत होती. तिला तसं हसताना पाहून मला भरून आलं. म्हटलं, गेला हॉल तर जाऊ दे!

निघताना नानांनी कोठाराचा नकाशा मागितला. मी 'हॉल' खोडून माझ्या सर्वात सुबक अक्षरात 'कोठार' लिहिलं. बेडरूमच्या जागी काय लिहावं ते मात्र मला सुचेना.

"सरकी लिख," आबा म्हणाले.