मागचा कप्पा दाखव

दोह्यातल्या नजमा भागात आमची बिल्डिंग आहे, तिचा एक नियम आहे. सुट्टी संपवून भारतातून निघायच्या आधी आपल्या बॅगेचा व्हिडिओ काढायचा आणि खैरनार काकांना पाठवायचा. का, असं कुणी विचारत नाही, कारण विचारलं की तासभर गेलाच.

काका माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. बांधकाम कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. व्हिडिओ कितीही नीट काढा, त्यांचं उत्तर ठरलेलं: "मागचा कप्पा दाखव."

गेल्या दिवाळीत माझ्या आईने अनारसे दिले. अनारशावर खसखस, आणि खसखस अफूच्या बोंडातली म्हणून इथे बंद. मी विसरले, काका कसले विसरतायत. थेट नाशिकला फोन लावून त्यांनी माझ्या सत्तरीतल्या आईला सगळे अनारसे चमच्याने खरवडायला लावले. दोह्यात पोचले ते टक्कल पडलेले अनारसे. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यातले चार त्यांनीच खाल्ले, ते वेगळं.

मग एकदा चहा पिताना कारण कळलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांची बायको, म्हणजे मंदाकाकू, नाशिकला असतात. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. पायांचे स्नायू असे आखडतात की कूस बदलायलाही माणूस लागतो. तिथल्या वैद्यांनी चिठ्ठीवर भांगेच्या अर्काचे थेंब दिले, तेव्हा कुठे पाय जरा सैल पडले. इथे ती बाटली आणली तर सरळ तुरुंग. दोन वर्षांपूर्वी काकू बाटली तिकडे ठेवून इथे राहायला आल्या. नवव्या दिवशी पाय लाकडासारखे झाले. काकांनीच त्यांना व्हीलचेअरवरून विमानात बसवून परत नेलं.

"तुम्हीच जा ना तिकडे," मी म्हटलं.

"आणि औषधपाणी कशावर करू? थेंब सुटले की तीच येईल. इन्शाल्ला."

घाईत काकूंच्या चपला इथेच राहिल्या होत्या. काकांच्या दाराशी, त्यांच्या बुटांशेजारी. दर शुक्रवारी काका त्या पुसायचे.

या महिन्यात मी नाशिकला निघाले, तेव्हा काकूंसाठी त्यांनी एक छोटी बॅग दिली. वर खजूर होते. मी संधी सोडते होय?

"काका, मागचा कप्पा दाखवा."

ते हसले नाहीत. त्यांनी चेन उघडली. आत पेपरात गुंडाळलेल्या काकूंच्या चपला होत्या.

"हल्ली फाटकापर्यंत चालते म्हणे. लागतील तिला."

"म्हणजे थेंब लागू पडले की!"

"छान लागू पडले. वैद्य म्हणाले, आता बंद करायचेच नाहीत."

मी दाराकडे पाहिलं. बुटांशेजारची फरशी रिकामी होती. मला फार वाईट वाटलं, आणि काकू चालतायत म्हटल्यावर वाईट वाटून घ्यायचीही लाज वाटली.

"खलास," काकांनी चेन लावली. "बरंच झालं. पोचलीस की व्हिडिओ पाठव."

"बॅगेचा?"

"नाही गं. ती चालतानाचा."