जोरहाट ते नागपूर, पावणेचार तास

आमच्या शेजारचे मेश्राम गुरुजी कुणाला "काय गा, बरं आहे का?" असं विचारत नसत. ते विचारत, "सांग, जोरहाट ते नागपूर विमानाले किती वेळ लागते?" समोर दूधवाला असो की पोस्टमन. तो बिचारा डोकं खाजवत उभा राही, मग गुरुजीच सांगत, "साडेसोळाशे किलोमीटर. पावणेचार तास. ध्यानात ठेव."

गुरुजी भूगोलाचे निवृत्त मास्तर. बायको वारलेली. एकुलती एक सुषमा तिकडे आसामात, जोरहाटजवळच्या चहामळ्याच्या दवाखान्यात नर्स. भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणून गुरुजी रोज सकाळी अंतर मोजत. रोज! जसं काही रातोरात आसाम चार बोटं अलीकडे सरकणार होतं. मी एकदा हसलो तर खेकसले, "तुले काय समजते गा? मोजलेलं बरं असते."

विमानाची मात्र भयंकर धास्ती. डोक्यावरून एखादं गेलं की हातातला घास ताटात ठेवत. "उतरू दे बापा त्याले!" कुणी प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात झाडू मारायचा नाही, हाही त्यांचा कायदा. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून नवस, उपास, मुहूर्त सारं सोडलेला माणूस, पण हा झाडू काही सुटला नाही. माझी बायको काटोलला माहेरी गेली, तर माझ्याच घरातला झाडू उचलून घेऊन गेले!

आणि याच माणसानं पोरीला हट्टानं विमानानं बोलावलं. ती दरवर्षी आगगाडीनं तीन दिवस खात येई. या वेळी गुरुजींनी तीन पत्रं टाकली, "एकदा विमानानं येऊन दाखव." तिची तार आली, मंगळवारी सकाळी नऊच्या विमानानं निघते.

मंगळवारी पाऊण वाजता गुरुजी फाटकात उभे. दोन वाजले, तीन वाजले, पोरगी नाही. चार वाजता आमच्या हिनं चहा नेला, तर त्यांनी तो तसाच परत दिला. "पडलं गा ते," एवढंच बोलले. मी सायकल काढली आणि सोनेगावचं विमानतळ गाठलं.

तिथला बाबू हसायलाच लागला. जोरहाटहून नागपूरला सरळ विमान होतंच कुठं? आज कलकत्त्याला मुक्काम, तिथून दुसरं विमान, पोचणार उद्या संध्याकाळी. आता काय म्हणावं! भूगोलाचा मास्तर, आणि दोरा कलकत्त्याहून वळवायचं सुचलं नाही.

मी हसत हसत परत आलो, सगळं सांगितलं. गुरुजी हसले नाहीत. पायरीवर बसले.

"म्हणजे दीड दिवस?"

"अहो, पण सुखरूप येऊन राहिली ना ती!"

"ते झालं गा. तिची माय गेली तेव्हा तार केली होती. पोरगी आली तिसऱ्या दिवशी. सारं आटोपलं होतं. दारात उभी राहून मले म्हणे, 'बाबा, थांबले काहून नाही?' काय सांगू मी तिले?"

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"पावणेचार तास तर मी कसेही काढले असते," गुरुजी म्हणाले. "तिचं तोंड पाहूनच गेलो असतो. पण दीड दिवस जीव धरून ठेवता येईन का गा मले?"