बेचाळिसावं रेकॉर्डिंग

बायकोच्या फोनवर ‘जागा संपली’ अशी सूचना आली, तेव्हा एखाद्या समजूतदार नवऱ्याने पाचपन्नास निरुपयोगी फोटो पुसून विषय मिटवला असता. मी म्हणालो, “आपण घरचा सर्व्हर उभारू.”

मी एका कार्यालयाच्या अभिलेख विभागात कारकून आहे. सतरा वर्षं लोकांचे जुने कागद सांभाळतोय आणि आजवर एकही हरवलेला नाही. (दोन सापडत नाहीत, पण ती वेगळी गोष्ट.) त्यामुळे घरातलं काही सांभाळायची वेळ आली की माझ्यातला अधिकारी जागा होतो. कार्यालयात तो सहसा झोपलेलाच असतो.

बायकोच्या फोनमधली जागा मुख्यतः तिच्या वडिलांनी खाल्ली होती. सासरेबुवांनी चोपन्न वर्षं घड्याळं दुरुस्त केली. त्या दुकानातल्या हकिकती ते फार छान सांगतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी बायकोने त्या फोनवर रेकॉर्ड करायला सुरुवात केली. एकूण एक्केचाळीस झाल्या. त्यातल्या एकीत सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणतात, “सन चुकताय, तेव्हा आपलं लग्नसुद्धा झालं नव्हतं.” गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि सासरेबुवा आमच्याकडे राहायला आले. बायको ते रेकॉर्डिंग कधीकधी कानाला लावून बसायची. तेव्हा मी खोलीत जात नसे.

तर सर्व्हर, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे फोटो-कागद सांभाळणारा संगणक. बिजागरी तुटलेला एक लॅपटॉप माळ्यावर होता. त्यातलं जुनं सगळं पुसून मी लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली घातली. यात चार संध्याकाळी गेल्या. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली की मी दार मुद्दाम उघडं ठेवत असे, म्हणजे येताजाता कोणाला तरी दिसेल. कोणी पाहिलं नाही.

पुढचं मार्गदर्शन कार्यालयातल्या संगणकवाल्या सहकाऱ्याचं. त्याने सांगितलं की प्रत्येक कामाला वेगळा कंटेनर करायचा. म्हणजे एकाच घरात भाडेकरूंची वेगवेगळी बिऱ्हाडं. एकाकडे भांडण झालं तर दुसऱ्याची झोप मोडत नाही. फोटोंचं एक बिऱ्हाड, कागदपत्रांचं एक आणि रेकॉर्डिंगचं एक. मग तो म्हणाला, “आतलं सामान बाहेरच्या डिस्कला जोडून घ्यायला विसरू नका.” मी जोरात मान हलवली. (न कळलेल्या गोष्टीला कारकुनाची मान नेहमीच जास्त जोरात हलते.)

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला सगळं आपोआप व्हायला हवं होतं. बायको घरात आली की तिच्या फोनमधलं सगळं सर्व्हरवर जायचं आणि फोन रिकामा व्हायचा; सुरुवात रेकॉर्डिंगपासून. दर रविवारी दुपारी तीन वाजता प्रत्येक कंटेनर स्वतःहून जुना मोडून नवा व्हायचा, म्हणजे कायम ताजातवाना. हे मी जेवताना समजावून सांगितलं. बायको भूगोल शिकवते, त्यामुळे कंटाळवाणं बोलणं शांतपणे ऐकायची तिला सवय आहे. तिने एवढंच विचारलं, “मोडून म्हणजे?” मी म्हणालो की तो पारिभाषिक शब्द आहे.

पहिल्या रविवारी मी दोघांना चार वाजता दिवाणखान्यात बसवलं. सासरेबुवांनी कानातलं यंत्र नीट केलं. “आईचा आवाज असलेलं लावा आधी,” बायको म्हणाली. मी टीव्हीवर सर्व्हरचं पान उघडलं. पडद्यावर शुद्ध, सुबक अक्षरांत लिहिलं होतं: ‘स्वागत आहे. इथे अजून काहीही नाही.’

मी पान बंद करून पुन्हा उघडलं. त्याने पुन्हा स्वागत केलं.

झालं होतं ते असं. भाडेकरूचं सामान बाहेर ठेवायची सोय मी केलीच नव्हती. तीन वाजता जुनं बिऱ्हाड मोडलं, त्याबरोबर सामानही गेलं, आणि तिथे नवा, कोराकरकरीत भाडेकरू येऊन बसला. फोनमधली रेकॉर्डिंग तर मी आधीच पुसून दिली होती.

बायको उठली आणि वह्या तपासायला बसली. तिच्या हातात लाल पेन होतं आणि ते बराच वेळ हललं नाही. त्यापेक्षा तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

पुढचे तीन दिवस मी रजा काढून ते सामान शोधलं. सहकारी घरी येऊन गेला. त्याने लॅपटॉपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर बाहेर येऊन ठेवतात तसा.

चौथ्या दिवशी सासरेबुवांनी मला जवळ बसवलं. नक्की काय चुकलं ते विचारून घेतलं. मी सांगितलं.

“जावईबापू, घड्याळ उघडण्याआधी आम्ही सुटे भाग बशीत काढून ठेवतो. तुम्ही बशी घेतली नव्हती, इतकंच,” ते म्हणाले. “आता माझ्यासमोर बसा. मी सगळं परत सांगतो.”

तेव्हापासून रोज संध्याकाळी कार्यालयातून आलो की मी त्यांच्यासमोर फोन धरून बसू लागलो. हकिकती तशाच होत्या, पण आता त्यांना घाई नव्हती. लंबकाच्या घड्याळाची गोष्ट आधी नऊ मिनिटांची होती म्हणे. मला चाळीस मिनिटांची ऐकावी लागली. माझा हात अवघडायचा. खरं सांगायचं तर हळूहळू मीच आधी येऊन बसू लागलो.

सासूबाईंचा आवाज मात्र कोण परत आणणार? मेहुणीला सगळं कळवायचं काम माझ्यावर आलं. मी फोनवर चाचरत सांगितलं. ती म्हणाली की आईचं ते रेकॉर्डिंग ताईने तिला केव्हाच पाठवलं होतं; ताई विसरली असेल, पण आहे तिच्याकडे. दहा मिनिटांत ते आलं. बायकोने ते दाराजवळ उभ्याउभ्याच ऐकलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “बसा आता. जेवायला वाढते.” पाच दिवसांतलं तिचं मला उद्देशून हे पहिलं पूर्ण वाक्य.

चाळीस हकिकती पुन्हा झाल्या, सासूबाईंची एक आली, एक्केचाळीसचा हिशेब जुळला. पण परवा मी घरी पोचलो तर बायको हेडफोन लावून एकटीच हसत होती. मी उशिरा येणार म्हणून तिने आपणच एक नवीन रेकॉर्ड केलं होतं. मी एक बाजू कानाला लावली. सासरेबुवा निवांत सांगत होते:

“दुकानात दोन तऱ्हेची घड्याळं यायची. एक बंद पडलेली. दुसरी चांगली चालणारी, पण कोणीतरी उगाच उघडून पाहिलेली. दुसऱ्या तऱ्हेची आणणारे लोक फार हुशार असतात. त्यांतला एक आता घरातच आहे. घड्याळाचं बरं असतं, मालक येऊन घेऊन तरी जातो.”

मी म्हणालो, हे पुसून टाक.

“आता कसं पुसणार?” बायको म्हणाली. “एकाच जागी ठेवणं बरं नाही म्हणून मघाशीच सगळ्या नातेवाइकांना पाठवलंय.”

चौदा घरी चौदा प्रती. काल तपासल्या, सगळ्या सुखरूप आहेत. आमच्या घरात आजवर बिनचूक झालेला बॅकअप हा एवढाच.