मुंजाभाऊ, डावा कोपरा

मुंजाभाऊ माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायाकडे बघत. परभणीच्या ज्या जिनिंगमध्ये मी कारकून म्हणून लागलो, तिच्या फाटकावर ते चौकीदार होते. पहिल्या दिवशी मी इस्त्रीची पँट घालून, भांग पाडून, चेहऱ्यावर जमेल तेवढी हुशारी आणून त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्या धिप्पाड माणसाने माझ्या हुशारीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरळ उकिडवा बसला, माझ्या पँटची मोहरी दोन बोटांनी वर केली आणि घोटा न्याहाळू लागला.

"अहो, मी नवीन मुनीम," मी म्हणालो.

"तोंडाचं काय सांगताव, पाय दाखवा," ते म्हणाले. मग बराच वेळ बघून, "उजव्या पायावर भार देताव. बरं. जावा आत."

मी घाईघाईने मोहरी खाली ओढली आणि आत गेलो. मी मुळातच भित्रा. कुत्रं भुंकलं, फौजदार दिसला, कुणी दारावर जरा जोरात थाप मारली तरी माझी पाचावर धारण बसते. त्यात आता रोज सकाळी एक राक्षस माझे घोटे तपासणार होता.

आठ-पंधरा दिवसांनी उलगडा झाला. मुंजाभाऊ हे आमच्या शेठच्या कबड्डी संघातले डावा कोपरा होते. शेठला दोनच नाद, कापूस आणि कबड्डी. दुष्काळ सरला होता, कापूस पुन्हा येऊ लागला होता आणि शेठने संघ नव्याने उभा केला होता. मुंजाभाऊ म्हणजे झरीच्या एका शेतकऱ्याचं थोरलं पोर. खळ्यावर हुतूतू खेळता खेळता तालुक्याला गाजलं, मग जिल्ह्याला. एका जत्रेत मुंजाभाऊंनी समोरच्या संघाचे सगळे चढाईवाले लंगडत घरी पाठवले, ते पाहून शेठने त्यांना तिथल्या तिथे नोकरी देऊ केली. अट साधी होती. खेळशील तोवर फाटक तुझं.

कोपऱ्यातल्या गड्याचं जिणं मोठं विचित्र. चढाई करणारा दम घुमवत येतो, नाचतो, मांडी थोपटतो, टाळ्या घेतो. कोपऱ्यातला वाकून बसतो आणि पाय येण्याची वाट बघतो. पाय आला की धरायचा आणि समोरच्याचा दम सुटेपर्यंत सोडायचा नाही. मग धुरळा उडतो, सगळा संघ त्या ढिगावर पडतो आणि सगळ्यात खाली कोण होतं हे कुणी विचारत नाही. मुंजाभाऊ सगळं तरुणपण त्या ढिगाच्या तळाशी होते. पेपरात नाव आलं तर ते चढाईवाल्याचं. मुंजाभाऊंच्या वाट्याला वाकडी बोटं, दोन पडलेले दात आणि असं एक नाक आलं, की त्याचं मूळ रूप काय होतं हे त्यांच्या आईलाच माहीत असणार.

त्यांचा खेळ मी एकदाच पाहिला. चढाईवाला देखणा, चपळ पोरगा होता. मुंजाभाऊ वाकून बसले होते, पापणीही लवत नव्हती. पोराने गंमत म्हणून पाय पुढे केला, चवड्यावर नाचवला, मागे घेतला, पुन्हा केला. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे बाबा, घरी जा. पुढच्या क्षणी तो आडवा होता आणि त्याचा दम एखाद्या फुग्यासारखा सुटला. मी उठून लघवीला गेलो आणि परत मैदानाकडे फिरकलो नाही.

एरवी माणूस भला. वागण्यात मात्र तऱ्हेवाईकपणा ठासून भरलेला. फाटकातून कुणीही आत शिरो, मुंजाभाऊ एका दमात म्हणत, "राम राम, जयभीम, सलाम वालेकुम!" समोर हमाल असो, शेठ असो की पोस्टमन, तिन्ही नमस्कार मिळायचे, त्यातला आपापला उचलून घ्यावा. शेठ पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "आमच्या मुंजाच्या मनात भेदभाव नाही." पुढे कुणी तीन शब्द बोललं की मग मात्र मुंजाभाऊ त्या माणसाच्या पोराबाळांची, म्हशीची, सासुरवाडीची इत्थंभूत चौकशी करत. तोवर नजर पायांवरच. आम्ही हसायचो आणि सरकीची पोती मोजायला निघून जायचो.

मग आषाढात एका संध्याकाळी, मुंजाभाऊ घरी गेल्यावर, मी सरकीच्या ढिगावरून घसरलो. पाय मुरगळला. वैद्याने लेप लावून पट्टा बांधला, त्यावर चप्पल चढेना, म्हणून मेव्हण्याचे मोठ्या मापाचे कॅनव्हासचे बूट घातले आणि सकाळी काठी टेकत फाटकात शिरलो. घसा बसला होता म्हणून काही बोललो नाही, नुसता हसलो. मुंजाभाऊंनी आदल्याच संध्याकाळी माझ्याबरोबर एका कपातला चहा बशीत ओतून घेतला होता.

"कोन रे तू?" मुंजाभाऊंनी विचारलं, आणि मी उत्तर शोधेपर्यंत मी जमिनीवर होतो. माझा चांगला घोटा त्यांच्या पंजात होता, छातीवर त्यांचं डोकं होतं आणि आभाळात घारी फिरत होत्या. आपण मेलो, असं मला अगदी शांतपणे वाटून गेलं.

"मुंजाभाऊ... मी..." मी कसंबसं घोगरं बोललो.

आवाज कानावर पडताच पकड सुटली. हमाल पोट धरून हसत होते. मलाही हसू येऊ लागलं होतं, तेवढ्यात मी मुंजाभाऊंकडे पाहिलं. मैदानावर न घाबरणारा तो माणूस माझ्याकडे असा बघत होता, की जणू मीच त्याला पाडलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची नाही, त्यांच्यासाठी भीती वाटली.

पंचमी तोंडावर आली तेव्हा ते भर दुपारी माझ्या खोलीवर आले. उंबऱ्याबाहेरच उभे.

"मुनीमजी, गोदीला आनाया जायचंय. मुराळी म्हनून. माझ्यासंगं येताव का?"

गोदी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. बायको गेल्यावर याच पोरीने घर सांभाळलं होतं. मी परभणीला येण्याआधीच्या वैशाखात तिला पोखर्णीच्या एका शेतकऱ्याच्या घरी दिली होती. लग्नानंतर पहिल्या पंचमीला बाप किंवा भाऊ मुराळी होऊन जातो आणि लेकीला माहेरी आणतो. त्यात मुनीम कशाला, हे मला कळेना.

"भेव वाटायलंय," मुंजाभाऊ म्हणाले आणि खाली बसले. मग जे सांगितलं ते माझ्या पायांकडे बघतच सांगितलं.

दोन-एक वर्षांमागे एका सामन्यात चढाईवाल्याचा गुडघा त्यांच्या कानामागे बसला होता. शुद्धीवर आले तेव्हा सगळ्यांचे आवाज जागच्या जागी होते, फक्त तोंडं गेली होती. नाक दिसायचं, डोळे दिसायचे, पण ते कुणाचे हे काही केल्या कळायचं नाही. आज बघितलेलं तोंड नजर वळली की पुसलं जायचं. शेठचं, भावाचं, आरशातलं स्वतःचंसुद्धा. पायांवर नजर ठेवायची जुनी सवय होती, तिच्याच आधाराने त्यांनी दिवस काढले होते. कुणाला सांगितलं तर शेठ फाटकावरून काढील, गाववाले वेडा म्हणतील, नाहीतर बाधा झाली म्हणून अंगारे-धुपारे करतील.

"मग खेळता कसं?" मी विचारलं.

"खेळायला लय सोपं हाय की. रेघ वलांडून दम घुमवत येतो त्यो परका. बाकीचे समदे आपले. मैदानात मला कायबी भेव न्हाई, मुनीमजी. भायेर आलो की कोन कुनाचा हेच कळंना झालंय."

"अहो, पण पोरीला तरी सांगायचं."

"तिला बापाचं तोंड ठावं हाय अन् बापाला तिचं न्हाई, हे कसं सांगू? घरात आली की ती आपली वरडतच यायची, 'दादा, मी आले.' त्यावर निभावलं. आता सासऱ्याम्होरं सून वरडंल का? पायावरून वळखावं, तर लगीन झालं की पाय बदलतात. जोडवी असत्याल. रानातल्या चिखलानं भेगा पडल्या असत्याल. अन् म्या दुसऱ्याच सुनंला गोदी म्हनलं, तर? येड्याची पोरगी केली म्हनून तिला तिथं कसं नांदवत्याल?"

मी त्यांना सांगितलं, की मी गोदीला जन्मात पाहिलेलं नाही, तेव्हा माझा उपयोग शून्य.

"माझ्यासारखं नाक कुनाचं हाय तेवढं बघा," ते म्हणाले. मी त्या नाकाकडे पाहिलं आणि देवाची करुणा भाकली.

पोखर्णीच्या एसटीत मुंजाभाऊ खिडकीशी बसले. मांडीवर लेकीसाठी घेतलेल्या बांगड्यांची पुडी होती आणि तिच्यावर दोन्ही हात. वाटेत माझ्या मनात नको नको ते येत होतं. घरात कुणी अचानक पुढे आलं आणि यांनी पकड टाकली तर? आम्हा दोघांना मारून घालवतील, एवढंच नाही, त्या पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

व्याह्यांचं घर भरलेलं होतं. ओसरीवर व्याही, त्यांचे भाऊ, दाराशी विहीणबाई. सगळ्यांनी हसून स्वागत केलं. मुंजाभाऊंनी "राम राम" म्हटलं आणि पुढचे दोन नमस्कार मोठ्या कष्टाने गिळले. एवढ्यात आतून एक सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. डोक्यावरून पदर, मान खाली. मी नाक शोधू लागलो. पदरात नाक काही दिसेना.

मुंजाभाऊ अर्धवट उठले. कपाळावर घाम. "लेकी, बरी हाईस का?"

ती पदरात हसली. विहीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "आवं पाव्हनं, ही आमची थोरली हाय. तुमची मागून यायलीय."

माझ्या हातातलं पाणी सांडलं. मुंजाभाऊ मोठ्याने म्हणाले, "आमाला समद्याच लेकी!" विहीणबाईंचा चेहरा खुलला. व्याह्यांनी मान डोलावली. आम्ही एक चढाई परतवली होती.

"या गं दोघी, पाया पडा पाव्हन्यांच्या," विहीणबाईंनी हाक दिली.

दोघी आल्या. सणाला सुनांची भांडणं नकोत म्हणून घरात एकाच ताग्यातली लुगडी आणली होती. उंची सारखी, बांगड्या सारख्या, दोघींच्या पायांना रानातली काळी माती. सासरा समोर असल्यामुळे दोघींची तोंडं मिटलेली. मुंजाभाऊ त्यांच्या पायांकडे बघत होते, एकीच्या, मग दुसरीच्या, पुन्हा पहिलीच्या. मी त्यांच्या शेजारीच होतो. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि हळूहळू तोही येईनासा झाला. ओसरीवरचं बोलणं थांबलं. सगळे बापलेकीची भेट बघायला थांबले होते.

पहिली वाकली. बोटं पायाला लावली न लावली आणि बाजूला झाली.

दुसरी वाकली. तिने पायाला हात लावला नाही, तिने घोटा धरला. पंजा मागून घातला, अंगठा टाचेच्या वरच्या शिरेवर रोवला आणि अशी घट्ट पकड घेतली की मुंजाभाऊंसारखा गडी जागच्या जागी हलला. पदराआड काय झालं ते घरच्यांना दिसलं नसणार. मला दिसलं, कारण एव्हाना मीही पायांकडेच बघायला लागलो होतो. ती सोडायला तयार नव्हती. अशी पकड तिला जगात एकाच माणसाने शिकवली असणार.

"गोदे," मुंजाभाऊ म्हणाले. "माय माझी."

तेव्हा कुठे तिने पाय सोडला. पोरीला सगळं ठाऊक होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे. रोज दारातून ओरडत येणं ही तिची खोड नव्हती, आणि बापाने कधी सांगितलं नाही म्हणून तिनेही कधी विचारलं नव्हतं.

परतीच्या एसटीत बापलेक माझ्या पुढच्याच बाकावर बसले. पोखर्णी मागे पडली तसा गोदीने पदर डोक्यावरून खाली घेतला. तिचं नाक आईवर गेलं असावं, चांगलं सरळ होतं. मुंजाभाऊ तिच्याकडे वळून बसले होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. खड्डे आले, माणसं चढली, उतरली, कंडक्टर तिकिटाला येऊन गेला. त्यांनी नजर हलवली नाही.

"दादा, किती बघायलाव?" गोदी लाजून म्हणाली.

"बघू दे, माय," मुंजाभाऊ म्हणाले. "खाली बघितलं की जातंय."